देवदूताच्या चित्राचा भाव

सिस्टर, आता मी तुमच्या तेव्हाच्या वयापेक्षाही म्हातारी झाले आहे, तरी गेल्या महिन्यात माझा पारा चढला तेव्हा तुमचीच आठवण आली. माझी धाकटी बहीण, शाळेत तुमच्यासमोर कविता म्हणताना बऱ्याचदा अडखळायची ती, नांदेडहून एसटीने लातूरला आली. पिशवीत आईच्या पाटल्या. इथेच मोडायच्या, कारण तिकडचा सराफ तिच्या मुलाला सांगेल. पैसे घालायचे कशात, तर मोबाइलवरच्या एका नाण्यात. त्यावर पिझ्झ्याच्या तुकड्याला डोळे काढलेत. बिटकॉइन नवं असताना कुणीतरी हजारो नाणी देऊन दोन पिझ्झे मागवले, पुढे त्या नाण्यांचे कोट्यवधी रुपये झाले. त्या गोष्टीवरून गंमत म्हणून हे नवं नाणं निघालंय. गंमत! आणि हिच्या भिशीतल्या बायका त्यात पैसे ओतायल्यात.

“काढलं कुणी ते?” मी विचारलं.

“कुणालाच ठाऊक न्हाई, ताई. तीच तर मजा हाय.”

“आईने या पाटल्या मजेसाठी ठेवल्या का?”

“कॉन्व्हेंटात शिकलीस म्हणून तूच लई शहाणी!”

“तूही तिथलीच, बाई. काय शिकलीस ते दिसतंय.”

मग मी तिला चित्रांची आठवण करून दिली. मी व्हरांड्यात तुमच्यासमोर उभी आहे. कविता न चुकता म्हणते, आणि तुम्ही झग्याच्या खिशातून सोनेरी कडेचं देवदूताचं चित्र काढून माझ्या हातावर ठेवता. आम्ही पोरींनी त्या चित्रांचा बाजार मांडला होता. एका चित्राला मूठभर बोरं. मी एकही चित्र खर्चलं नाही. भाव वाढेल म्हणून सगळी भूगोलाच्या पुस्तकात दडवली. तुम्हाला कळलं तेव्हा वाटलं, आता छडी. तुम्ही तुमच्या मोडक्या मराठीत एवढंच म्हणालात, “चित्र बघायला दिला. साठवायला नाय.” दुसऱ्या दिवशी चित्रांचा खोकाच आणलात आणि बाकाबाकावर गठ्ठे ठेवलेत. मधल्या सुट्टीपर्यंत चित्राला कुणी अर्धं बोर देईना. मी रडत बसले, तेव्हा तुम्ही शेजारी बसून माझ्या हातावर एक पिकलेलं बोर ठेवलंत. मी ते रागारागाने खाल्लं. इतकं गोड बोर पुन्हा मिळालं नाही.

ऐकता ऐकता बहिणीला हसू आवरेना. “ताई, मी तर आदल्याच दिवशी माझी होती तेवढी चित्रं देऊन बोरं खाल्ली होती. बुडाली ती तुझीच!”

“म्हणजे पिझ्झे खाणारा तो तूच की. मग आता माझ्यासारखी कशाला वागायलीस?”

तिने पिशवी उघडली. मग पाटल्या हातात चढवू लागली. चढेनात. मी साबण आणला, दोघींनी मोरीशी बसून ओढाताण केली. “आईगं, हळू!” आणि हसणं. संध्याकाळच्या गाडीत ती पाटल्या घालूनच बसली, पदराखाली झाकून.

हे पत्र टाकायचं कुठे? तुमची कबर दूर दक्षिणेला आहे म्हणतात, आणि मला तिचा पत्ताही ठाऊक नाही. राहू दे माझ्याचजवळ. एक मात्र सांगते, सिस्टर. त्या नाण्याचा भाव बघायला मी शेजारणीकडून शिकून घेतलंय. रोज चहाबरोबर बघते. पडला की चहा गोड लागतो. आज वर गेलाय. बहिणीला सांगितलेलं नाही.