पाळण्यात कांदे

३ मार्च

ति. आईस,
सा. न. वि. वि.

काल दोन सरकारी माणसं पाळणा घेऊन तीन जिने चढून आली आणि माझं अभिनंदन करून गेली. पाळणा आत येईना, म्हणून दारच काढलं. कागदावर लिहिलंय, मी नऊ जूनला बाळंत होणार. खाली सही तुझी! आई, नऊ जून हा माझाच वाढदिवस. मला दिवस गेलेले नाहीत, आणि मूल नको हे आमचं ठरलंय, तुला ठाऊक आहे. तुझे जावई पडले शिंपी, त्यांनी उगाच टोपडी शिवायला घेतलीत. हे काय चालवलंयस?

तुझी, सपाट पोटाची लेक

९ मार्च

चि. बाईसाहेब,
अनेक आशीर्वाद.

रागावू नकोस. आमच्या प्रसूतिगृहात चौदा महिन्यांत एकही बाळ जन्मलं नाही. आम्ही सात परिचारिका रोज पाणी उकळतो आणि त्याचा चहा करतो. एक तरी बाळंतीण दाखवा, नाहीतर कुलूप, असं तपासनीस म्हणाला. आम्ही डॉक्टरांनाच खाटेवर झोपवलं. कळा झकास दिल्या हो त्यांनी, पण मिशीने घात केला. मग घाबरून मी तुझं नाव लिहिलं. तारीख सुचेना, तर हातून तुझीच उतरली.

आता विचार कर ना. तुझ्यासाठी मीही खस्ता खाल्ल्याच की. बाळाला मी सांभाळेन.

एवढं केलंस तर लोभ दुप्पट.
आई

१५ मार्च

ति. आईस,
सा. न. वि. वि.

‘मी सांभाळेन’ वाचून हसू आलं, मग रडू. माझ्या नवव्या वाढदिवसाला तू जुळ्यांपाशी होतीस, दहाव्याला तिळ्यांपाशी. केक शेजारच्या काकूंनी कापून दिला. त्या बायकांना तू हवी होतीस, कळतं मला. पण मलाही हवी होतीस. बाळाला एवढं सगळं देऊन टाकायची माझी तयारी नाही. पाळण्यात कांदे ठेवलेत.

राग आहे, लोभही आहे.
तुझी लेक

२ जून

चि. बाळ,
अनेक आशीर्वाद.

तपासनीसाला खरं सांगितलं. काल कुलूप लागलं. तुझ्या बाळासाठी विणलेले अकरा स्वेटर सातही जणींनी उसवले आणि तुझ्या मापाचा एक विणला. बाह्या तीन झाल्यात, समजून घे.

नऊ तारखेला सकाळच्या बसने येते. केक मी कापीन. त्या दिवशी मला कुणीही बोलावणार नाही.

कांदे राहू देत.
तुझी आई