साखरचौथीला दारात गणपती न ठेवणेबाबत

प्रति,
मा. अध्यक्ष,
तंटामुक्त गाव समिती,
ग्रामपंचायत खारदेवळी, ता. पेण, जि. रायगड.

अर्जदार : सौ. चंद्रावती जगन मोकल, वय २९, काम – कारखान्यात गणपतीचे डोळे आखणे, रा. खारदेवळी.

विषय : येत्या साखरचौथीस, शनिवार दि. २१ सप्टेंबर २०२४ रोजी, अर्जदाराच्या दारात गणपतीची मूर्ती न ठेवणेबाबत व भजनी मंडळींस वेळेत घरी पाठवणेबाबत.

संदर्भ : १) डॉ. रशिदा मॅडम, अष्टमी-रोहा, यांचा केसपेपर. २) गेल्या वर्षीची साखरचौथ, जी आपणही पाहिली आहे.

महोदय,

१) अर्जदार ही वरील ठिकाणी पती श्री. जगन यांच्यासह दोन खोल्यांच्या घरात राहते. लग्नास सहा वर्षे झाली, मूल नाही. ही बाब गावात सर्वांस तोंडपाठ असल्याने त्याचा पुरावा जोडलेला नाही.

२) अर्जदारास पीसीओएस हा आजार आहे. यात स्त्रीबीज दर महिन्याला पिकत नाही, पाळी दोन-दोन, तीन-तीन महिने दडी मारते आणि वजन मात्र न सांगता वाढते. यास कोणाची नजर, कोणाचा शाप किंवा अर्जदाराचे दुचाकीवर बसणे कारणीभूत नाही, असे डॉक्टर मॅडम यांनी अर्जदाराच्या पतीसमक्ष सांगितले आहे. उपचार असा, की गोड बंद करणे, रोज पाऊण तास चालणे, पाळीच्या तिसऱ्या दिवसापासून पाच दिवस गोळ्या घेणे आणि अकराव्या व तेराव्या दिवशी रोह्याची गाडी पकडून सोनोग्राफीस जाणे. अर्जदार रोज पहाटे खाडीच्या बांधावरून चालते. तेव्हा "एवढी झपाझप कुठं चाललीस गो" असे विचारणाऱ्यांची संख्या नऊ आहे. त्याबद्दल मात्र तक्रार नाही, कारण उत्तर देता देता पाऊण तास बरा जातो.

३) आपल्याकडे साखरचौथीस पहाटे एखाद्याच्या दारात गुपचूप गणपती आणून ठेवण्याची रीत आहे, हे आपणांस ठाऊक आहेच. ज्यांच्या घरी मूल नाही त्यांच्या उंबऱ्यावर तो हटकून येतो. आलेला देव परत पाठवता येत नाही. तो दीड दिवस बसवावा लागतो, रात्री भजन होते आणि नैवेद्याचे एकवीस मोदक त्या जोडप्याने संपवायचे असतात. ठेवणाऱ्याचे नाव कोणी विचारत नाही. रीत चांगली आहे. अर्जदाराची हरकत फक्त मूर्तींच्या संख्येबद्दल व वेळेबद्दल आहे.

४) गेल्या वर्षी औषधपाणी सुरू करून चार महिने झाल्यावर अर्जदाराचे एक बीज प्रथमच एकोणीस मिलिमीटरचे झाले. सोनोग्राफीच्या पडद्यावर ते पाहून अर्जदार रडली, हे नमूद करण्यास तिला लाज वाटत नाही. डॉक्टर मॅडम यांनी केसपेपरवर शेरा लिहिला व तोंडी सांगितले, "चंद्रावती, पिकलेलं बीज कुणाची वाट बघत नाय. उद्याची आणि परवाची रात्र दोघांनी एकत्र राहायचं. बाकी सगळं बाजूला ठेवा."

५) तो उद्याचा दिवस साखरचौथीचा निघाला. पहाटे दार उघडले तो उंबऱ्यावर चार गणपती रांगेत बसलेले होते.

६) चार पाट, चार समया आणि चार आरत्या दोन खोल्यांत मावल्या. भजनास पस्तीस मंडळी आली, तीही मावली. मावले नाहीत ते अर्जदार व तिचे पती. अर्जदाराचे पती हे गावात एकमेव बऱ्यापैकी ढोलकी वाजवणारे असल्याने त्यांना मधोमध बसवण्यात आले. त्यांना मागच्या खोलीत बोलावण्यासाठी अर्जदाराने चहाचे निमित्त चार वेळा केले. चारही वेळा चहा न्यायला सासूबाईंच्या मावसबहीण धोंडुबाई आल्या. चौथ्या वेळी त्यांनी अर्जदाराच्या तोंडात मोदक घातला आणि म्हणाल्या, "देव दारात आलाय, नाय म्हणू नको गो. खा, म्हंजे पुढल्या सालाला पाळणा हालंल." भजन उजाडेपर्यंत चालले. शेवटच्या आरतीस पती ढोलकीवर हात ठेवून बसल्या बसल्या झोपले होते. दुपारी विसर्जन झाले आणि संध्याकाळी ते डोलवीला कंपनीत रात्रपाळीस गेले, कारण बदली एकाच रात्रीची मिळाली होती.

७) येणेप्रमाणे अर्जदारास मूल व्हावे म्हणून जमलेल्या पस्तीस लोकांनी, ज्या रात्री ते होण्याचा संभव होता, ती रात्र अर्जदाराच्याच घरात बसून काढली. शिवाय चौऱ्याऐंशी मोदक. चार महिने चालून चार किलो वजन उतरले होते, त्यातले अडीच परत आले. तिसऱ्या दिवशी रोह्याला गेल्यावर पडद्यावर बीज नव्हते. डॉक्टर मॅडम यांनी काय झाले असे विचारले असता अर्जदाराने खरे ते सांगितले. त्या आधी हसल्या आणि मग अर्जदाराचा हात बराच वेळ धरून बसल्या. परतीच्या गाडीत पेण येईपर्यंत अर्जदार खिडकीकडे तोंड करून होती. तिला गावाचा फार राग आला होता.

८) मूर्ती कोणी ठेवल्या हे कोणास कळत नाही, असा गावाचा समज आहे. तथापि अर्जदार पेणच्या कारखान्यात अकरा वर्षे डोळे आखते. तिच्या हाताने डाव्या डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्याला एक बारीक रेघ राईएवढी जास्त उतरते, आणि कारखान्यात पाटाखाली पेन्सिलीने गिऱ्हाइकाचे नाव लिहिलेले असते. उंबऱ्यावरचे तीन गणपती तिने स्वतः आखलेले होते. म्हणजे ते कोठे निघाले आहेत हे ठाऊक नसताना तिनेच त्यांना तिच्या घराची वाट पाहायला डोळे दिले. पहिली मूर्ती धोंडुबाई यांची. दुसरी पतीच्या कंपनीतल्या हिरामण याची. याच हिरामणने अर्जदाराच्या पतीस ती रात्र घरी मिळावी म्हणून त्यांची रात्रपाळी स्वतःकडे घेतली होती. एका हाताने दिलेली रात्र त्याने पहाटेच दुसऱ्या हाताने काढून घेतली, पण मनात काळेबेरे नव्हते. तिसऱ्या मूर्तीच्या पाटाखालील नाव आदरापोटी येथे लिहिलेले नाही. सदर गृहस्थांना हा अर्ज वाचावाच लागणार असल्याने ते त्यांना आपोआप कळेल.

९) यंदाची परिस्थिती अधिक गंभीर आहे. गावात साखरचौथीचा गणपती परंपरेने चार घरी बसतो. कारखान्याच्या वहीत खारदेवळीच्या अकरा मूर्ती नोंदवलेल्या अर्जदाराने डोळ्यांनी पाहिल्या आहेत. उरलेल्या सात कोठे जाणार हे सांगण्यास ज्योतिषी नको. अर्जदाराची पाळी दि. ९ रोजी आली, गोळ्या आजपासून सुरू आहेत आणि तेरावा दिवस बरोबर दि. २१ ला येतो. इतका मुहूर्त जुळवून आणणे माणसाच्या हातचे नाही, हे अर्जदार मान्य करते. परंतु मोकळे घर देणे समितीच्या हातचे आहे.

१०) सबब विनंती, की

अ) दि. २१ रोजी अर्जदाराच्या दारात कोणीही मूर्ती ठेवू नये. ठेवायचीच असल्यास ती वरील कलम ८ मधील तिसऱ्या गृहस्थांच्या ओटीवर ठेवावी. ओटी ऐसपैस आहे आणि त्यांची तिन्ही मुले मोठी झाली आहेत.

ब) मोदक धोंडुबाई यांनी स्वतः खावेत. त्यांना साखरेचा त्रास नाही.

क) भजनी मंडळींनी दि. २१ व २२ रोजी अर्जदाराच्या घराकडे फिरकू नये. ढोलकीसाठी मंडळींतल्याच कान्हू यास आतापासून तयार करावे, दहा दिवस हातात आहेत.

११) आता चौथ्या मूर्तीबाबत. तिचे डोळे अर्जदाराने आखलेले नव्हते. कारखान्यातल्या कोणाच्याही हाताचे ते नव्हते. एक डोळा दाराकडे पाहत होता, दुसरा छपराकडे, आणि पाटाखाली नाव नव्हते. पांढरी, न रंगवलेली मूर्ती कोणीतरी आणून स्वतः आखली होती, अर्जदारास ठेवणारा ओळखू येऊ नये म्हणून. त्या सकाळी ढोलकी वाजवणाऱ्याच्या उजव्या अंगठ्याच्या नखात काळा रंग होता. हा माणूस सहा वर्षे चारचौघांत "आमाला कसली घाई नाय" असे सांगत आला आहे. घरातही तो कधी एक शब्द बोलला नाही. त्यामुळे मूल फक्त आपल्यालाच हवे आहे, असे अर्जदार इतके दिवस धरून चालली होती आणि त्याचे तिला फार एकटे वाटत असे. दुसऱ्या दिवशी तिने विसर्जनाला तीन मूर्ती इतरांच्या डोक्यावर दिल्या, ही मात्र खाडीपर्यंत स्वतः नेली.

१२) तरी कलम १० (अ) मधून सदर चौथी मूर्ती वगळण्यात यावी. ती यंदा आल्यास अर्जदार बसवील. दोन्ही डोळे एकीकडे पाहत असावेत, अशीही अट नाही.

मामा, अर्ज समितीच्या बैठकीत मोठ्याने वाचू नये, एवढे भाचीसाठी करावे.

कळावे. आपली नम्र, आणि काही झाले तरी याच गावात राहणारी,

(सही)
सौ. चंद्रावती जगन मोकल
दि. ११ सप्टेंबर २०२४

सोबत : १) केसपेपरची झेरॉक्स. २) कारखान्याच्या वहीतील अकरा नावांची नक्कल, घडी घालून, फक्त आपण पाहण्यासाठी.

प्रत : श्री. जगन मोकल, यांस माहितीसाठी, डब्यात पोळीखाली. ढोलकी शनिवारी सकाळीच कान्हूकडे पोचती करावी. काळा रंग संपला असल्यास कारखान्यातून आणून ठेवला आहे, फडताळात उजवीकडे.