कवळ्यांसकट फ्लॅट विकणे आहे

तीर्थरूप दादास,

धाकटीचा वाकून नमस्कार, आणि वहिनीला नमस्काराच्या जोडीला एक मिठी. तुझा गुडघा कसा आहे? वहिनी म्हणत होती की जिना चढताना तू त्याला शिव्या देतोस. देत जा, मलमापेक्षा गुण येतो. माझी तब्येत ठणठणीत आहे, फक्त हल्ली एका जागी बूड टेकत नाही. हे पत्र मी ओट्यापाशी सुरू केलं, आता खिडकीत उभी आहे, आणि संपवेन कुठे ते देव जाणे.

तर आता फ्लॅटचं. हिवाळ्यात मी न्हाणीघरात घसरले आणि शेजारणीला हाक ऐकू जाईपर्यंत तशीच पडून राहिले, तेव्हा तू म्हणालास, पुरे झालं एकटीनं राहणं, आमच्या वरची खोली तुझीच समज. मी हो म्हटलं. (कंबर दुखत असताना माणूस कशालाही हो म्हणतो.) आणि शब्द दिला म्हणून फ्लॅट एका दलालाच्या हाती सोपवला. मनातल्या मनात मी त्याला 'मधाचं बोट' म्हणते, कारण समोरच्याला ते लावल्याशिवाय त्याचं वाक्य पुरं होत नाही. त्याने जाहिरात दिली : 'झपाट्याने वर येणाऱ्या वस्तीत, उजेडाने न्हालेला, टुमदार, एका बेडरूमचा फ्लॅट.' वाचून मी इतकी हरखले की आपणही बघून यावा म्हणून पत्ता शोधला, तर माझाच! वस्ती वर येते आहे हे मात्र खोटं नाही. खालचं चपला शिवायचं दुकान जाऊन तिथे कॉफीचं दुकान आलं आहे, आणि त्यात मुद्दाम मोडक्या दिसणाऱ्या खुर्च्या आणल्या आहेत. वर येत नाही ती फक्त आमची लिफ्ट.

मधाच्या बोटाचा नियम एकच : घरात कोणी राहतं असं दिसता कामा नये. मी म्हटलं, अहो, पण मी राहते ना! तो हसला आणि भिंतीवरचे फोटो उतरवायला लागला. (तुझा पोहण्याच्या चड्डीतला फोटो पलंगाखाली गेला. त्याचं मला फारसं वाईट वाटलं नाही.) सोफ्यावर त्याने स्वतःच्या उशा आणून मांडल्या, त्यांना टेकायचं नाही. न्हाणीघरात पांढरेशुभ्र टॉवेल लावले, त्यांना हात पुसायचे नाहीत. मग तो बेडरूममध्ये शिरला आणि जागच्या जागी थिजला. खिडकीखाली माझं कामाचं टेबल, त्यावर प्लास्टरचे साचे, मेणाच्या वड्या आणि दातांच्या डॉक्टरांनी करायला सांगितलेल्या कवळ्या ओळीने मांडलेल्या. तो म्हणाला, "ताई, लोकांनी घर बघायला यायचं आणि घरानं त्यांच्याकडे बघून दात काढायचे, हे काही बरं दिसत नाही." झालं. तेव्हापासून गिऱ्हाईक यायच्या आधी सगळं लपवायचं, आपण बाहेर पडायचं आणि पाय भाजलेल्या मांजरीसारखं रस्त्यावर येरझारा घालायच्या. कॉफीवालीला वाटतं, माझं कोणाशी तरी जमलं आहे.

रविवारी घोटाळा झाला. मधाच्या बोटाने आपल्या जागी एका सहकारी बाईला पाठवलं होतं. चष्मा विसरला म्हणून मी वर गेले, तर ती दारातच म्हणाली, "घर बघायला आलात? या ना!" मी हो म्हणून गेले. का, ते विचारू नकोस. आत एक तरुण जोडपं होतंच, नवरा बस चालवणारा, बायको नर्स. बाईने आम्हा तिघांना घर दाखवलं. कपाटं किती खोल, खिडकीतून आकाश किती दिसतं, ऊन सरकत सरकत पलंगापर्यंत कसं येतं. दादा, इतकी वर्षं त्या उन्हाला मी नुसता पडदा लावत आले! मला ते घर फार आवडलं. मी हळूच विचारलं, मालकीण विकते कशाला? बाई आवाज उतरवून म्हणाली, "वय झालंय हो बिचारीचं. भावाकडे निघाली आहे. सांभाळायला कोणी नको का?"

त्या 'बिचारी'ला मी उत्तर देणार, एवढ्यात वास आला. घर घरासारखं वाटावं म्हणून बाईने ओव्हनच्या वरच्या जाळीवर वाटीत दालचिनी ठेवून तो लावून दिला होता. खालच्या ताटात, फडक्याखाली, मी कवळ्या लपवलेल्या! (लोक कपाटं उघडतात, म्हटलं, ओव्हन कोण उघडतो?) आणि त्यात एका निवृत्त मुख्याध्यापकांचे दात अजून मेणावरच बसवलेले होते. मी धावले आणि नुसत्या हातांनी ताट ओढून काढलं. मुख्याध्यापकांचा वरचा जबडा वितळून खालच्यात मिसळला होता. बाई किंचाळली, "तुम्ही घर बघायला आलात की लुटायला?" मीही किंचाळले, "घर माझं आहे, दात मुख्याध्यापकांचे आहेत!"

नर्सने काही न विचारता माझी बोटं नळाखाली धरली. पाणी वाहत होतं आणि तिने सहज विचारलं, खरंच का विकताय? मी न्हाणीघराचं सांगितलं. ती आत डोकावून आली आणि म्हणाली, "अहो मावशी, मग फरशी बदला की! घर कशाला बदलताय?" तिचा नवरा तिच्याकडे बघतच राहिला. म्हणाला, "अगं, आपण विकत घ्यायला आलोय!" मग ती इतकी हसली की मलाही हसू आवरेना. बाई मात्र हसली नाही.

एवढं होऊनही त्यांना फ्लॅट हवा आहे. मधाचं बोट हवेत तरंगतं आहे आणि माझ्या होकाराची वाट बघतं आहे. मी बांधाबांध सुरू केली आहे. काळजी नसावी. वहिनीला म्हणावं, खोलीचे पडदे आत्ताच धुऊ नकोस.

तुझी,
धाकटी

ता. क. बांधाबांध सुरू केली म्हटलं ते खरं आहे. मधाच्या बोटाच्या उशा आणि टॉवेल बांधून दाराशी ठेवले आहेत, त्याचे त्याने न्यावेत.

ता. क. २. न्हाणीघरात खरखरीत फरशी बसते आहे, भिंतीला धरायला दांडीही. एक किल्ली शेजारणीकडे दिली आहे. दादा, मी येत नाही. तुझं घर नको म्हणून नव्हे. तुझ्याकडे मला पाहुणी म्हणून यायचं आहे, मनसोक्त भांडून परत जाता येईल अशी. रागावलास तर फोन कर, पण कर.

ता. क. ३. खरं काम राहिलंच. मधाच्या बोटाला तोंडावर नाही म्हणायची माझी छाती झाली नाही. म्हणून सांगितलं की माझा थोरला भाऊ भयंकर तापट आहे आणि तो विकू देत नाही. त्याने तुझा नंबर घेतला आहे. फोन आला की कडाडून ओरड. (जन्मात कोणावर ओरडला नाहीस, तर आधी गुडघ्यावर सराव कर.) आणि सांभाळून, तो बोलता बोलता तुलाच फ्लॅट विकेल. विकलाच, तर भाडेकरू आयतीच आत आहे.