पांढरी की निळी

३ एप्रिल, सकाळी ७
आता चालढकल बंद. जुनी बोट विकून दोन वर्षं झाली. पाण्यावर स्की करणाऱ्याला दोरीने ओढणारी दुसरी सेकंडहँड बोट घ्यायची आणि लेकीला पुन्हा पाण्यावर आणायचं. पसंतीला दोन आहेत, पांढरी आणि निळी. कंपनी एक, मॉडेल एक, लांबीही एकच. पुढच्या रविवारी निकाल.

५ एप्रिल
पांढरी पाहिली. मालक दातांचा डॉक्टर. इंजिन झकास. सीट उसवलेली, पण मागचं दाखवणारा आरसा ताटाएवढा. आपल्या जुन्या बोटीचा तळहाताएवढा होता. त्या दिवशी लेक स्कीवरून पडलेली कळली नाही, त्याला दुसरं कारणच नाही. मी रिकामी दोरी ओढत तलावाच्या पार दुसऱ्या टोकाला गेलो होतो. वळून आलो तेव्हा सापडली. लाइफ जॅकेट होतंच. हाका मारून मारून आवाज बसला होता, एवढंच.
दहापैकी नऊ.

८ एप्रिल
निळी चालवली. सारखा मागे बघत होतो, आरसा तपासायला. दलाल म्हणाला, साहेब, मागे कोणी नाहीये, पुढे बघा. धक्क्याला धडकता धडकता वाचलो. हिला मागे तोंड करून बसायची सीट आहे. हिलाही नऊ.
घरी येताना कारमध्येही मागे बघत होतो. मान धरलीय. उशी बदलायला हवी.

१० एप्रिल
जेवताना दोन्ही बोटींचा तक्ता दाखवला. रंगीत. बायकोने भलताच प्रश्न काढला. एकाने चालवायचं, एकाने मागे बघत बसायचं, असा नियम असताना त्या दिवशी दोघंच का गेलात? म्हणालो, लेकीलाच घाई झाली होती. लेक ताटावरून उठून गेली. पोट भरलं असावं.

१२ एप्रिल, रविवार
निकाल लांबणीवर. सकाळी बाथरूमचा नळ सोडला की त्या आवाजात कोणीतरी ‘बाबा’ म्हणतं. प्लंबरला बोलावलं. नळ ठीक आहे म्हणाला. हल्लीच्या प्लंबरना काही येत नाही.

१८ एप्रिल
लेक तयार झाली. मी म्हणतच होतो. अट एकच. आई चालवणार, ती स्वतः मागे बघत बसणार आणि स्की मी करायची. पोरीला बापाची करामत बघायचीय.

१९ एप्रिल, दुपार
निळी नेली, चाचणीला. दलालही बोटीत. जेमतेम उभा राहिलो आणि पडलो. वर आलो तर बोट लांब चाललेली. ओरडलो. नाकातोंडात पाणी. इंजिनापुढे माझी हाक मलाच ऐकू येईना. मला भीती वाटली. फार वाटली.
मग बोट वळली. लेकीचा हात वर होता. मी पडल्या क्षणी आईला खूण म्हणून तिने तो वर केला होता, बायको लगेच वळलीही होती म्हणे. लेकीने मला वर ओढलं, टॉवेल दिला. म्हणाली, बाबा, मी सगळा वेळ बघत होते.
घाई तिला नव्हती. मलाच झाली होती. हे तिला सांगायला तोंड उघडलं आणि दात वाजायला लागले. पाणी फार गार आहे, एवढंच म्हणालो.
दलाल म्हणाला, साहेब, पाणी कोमट आहे.