पोत्याला डोकं नसतं

मंगळवार, १ एप्रिल १९८६. लातूर.
जुनी मॅटॅडोर दारात आणून उभी केली. हिचं फिरतं घर करणार. मागं बाज, स्टोव्हचा कप्पा, चाळीस लिटरची टाकी; मधोमध चाकाच्या खुर्चीत पार्वती. दोन वर्षांपूर्वी पडली, कमरेखालचं गेलं, तेव्हापासून माहेरी मुखेडला गेलेली नाही. तिकडं सासूबाई आजारी. पार्वतीला शब्द दिला, शुक्रवारी तुझ्या अव्वांना भेटवतो. ती म्हणाली, यष्टीनं जाऊ की, चार माणसं उचलतील. म्हटलं, माझी बायको पोत्यासारखी कुणी उचलायची नाही. जिल्हा नवा झाला, त्यात अशी गाडी पहिलीच. मी सातवी नापास, पण मोटर-वायंडिंग पुस्तकावरून शिकलोय.

गुरुवार, ३ एप्रिल.
चढवायला उतरती फळी केली. सहा फूट, काटेकोर. खुर्ची मापासाठी गाडीतच ठेवली. पार्वती घरात बाजेवर आहे. तिचं काही अडत नाही. शेजारची नागुबाई म्हणाली, भाऊ, फळी द्या जराशी, पाण्याचा ड्रम गाड्यावर चढवायचाय. सांगितलं, ही माणसाची फळी आहे. शुक्रवार जमणार नाही. घाईत सेफ्टी होत नसते.

रविवार, ६ एप्रिल.
ट्रायल. माणसाऐवजी ज्वारीचं पोतं, पन्नास किलो. (पार्वती बावन्न. दोन किलो सोडले.) खुर्चीला चार पट्टे, पोत्याला वेगळे दोन. औसा रोडवर सतरा वेळा करकचून ब्रेक. पोतं जागचं हललं नाही. घरी येऊन सांगितलं. पार्वती म्हणाली, पोतं लई फिरून आलं म्हणायचं.

बुधवार, ९ एप्रिल. दुपारी दोन.
टाकीची टेस्ट. घरातलं सगळं पाणी ओतलं. खालचा सांधा गळतो, हे कळलं. टेस्ट त्यासाठीच असते. टँकर परवा. पार्वतीनं रिकामी घागर उशाशी ओढून घेतली, बस्स.

शनिवार, १२ एप्रिल.
भुजंग वेल्डरनं आणि मी पार्वतीला उचलून पहिल्यांदा गाडीतल्या खुर्चीत बसवलं. डोकं टपाला लागलं. साडेतीन इंच जास्त. पोत्याला डोकं नसतं, हे ध्यानात घ्यायचं राहिलं. ती म्हणाली, मुखेडपर्यंत मान वाकवून बसते, पण न्या. तत्त्वात बसत नाही. उपाय जेवता जेवता सुचला: खुर्चीची चाकं काढायची, सांगाडा गाडीच्या तळाला वेल्ड करायचा. भुजंग म्हणाला, मालक, मग वहिनी घरात कशावर बसतील? म्हटलं, एका वेळी एक प्रॉब्लेम.

मंगळवार, १५ एप्रिल.
वेल्डिंग पक्कं. हत्ती बसवा. पार्वतीनं अजून बघितलेलं नाही. दारापर्यंत येणार कशी? मुखेडहून कार्ड आलंय: अव्वा विचारतात, गाडी कुठवर आली. उलट टपाली कळवलं, फक्त पडदे राहिलेत.

शुक्रवार, १८ एप्रिल.
सासूबाई आल्या. यष्टीनं, अहमदपूरला गाडी बदलून. वय अठ्ठ्याहत्तर. हातात पाच लिटरचा कॅन, पाण्यानं भरलेला. लातुरात पाणी न्हाई म्हणून ऐकलं, म्हणाल्या. उंबऱ्यावर टेकून दम खात राहिल्या. मग आत बघून म्हणाल्या, पारू, आई आली तर दारापोतर तरी यावं की गं. पार्वती बाजेवरूनच म्हणाली, अव्वा, माझी खुर्ची कवाच मुखेडला निघालीय. दोघी हसल्या. मग हसायच्या थांबल्या. मी गाडीत जाऊन पट्टे तपासले. पट्टे ठीक होते.

शनिवार, १९ एप्रिल.
भुजंगनं वेल्डिंग कापलं. चाकं परत बसवली, डावं डुगडुगतं. सोळा दिवसांनी पार्वती दारात आली. दोघी मुखेडला निघाल्या. म्हटलं, गाडी काढतो. पार्वती म्हणाली, राहू द्या. झाली की न्यायला या.
स्टँडपर्यंत खुर्ची मी ढकलली. कंडक्टर आणि तिघा पॅसेंजरांनी तिला उचललं, सीटवर ठेवलं, खुर्ची टपावर बांधली. मी घड्याळात वेळ मोजली. दोन मिनिटं. तिची मान सरळ होती.
परत आलो तर नागुबाई माझ्या फळीवरून ड्रम चढवत होती. मला बघून थांबली. मी मागून हात लावला.
घरात अव्वांचा कॅन. अर्धा भरलेला, वर माझा पेला पालथा. तहान लागलीय. अजून हात लावलेला नाही.