ट्वीडकाठची पाकोळ्यांची दरड

लाडक्या मोरॅग,

तुझे बाबा गेल्यापासून मी पावसात एकटी कुढत बसते, असं तुला तिकडे ऑस्ट्रेलियात वाटतं. आज मात्र शेजारच्या फर्गसबरोबर ट्वीड नदीवर गेले होते. वसंतातला पाऊस भुरभुरत होता. पूर ओसरला की काठच्या चिखलात जुन्या वस्तू उघड्या पडतात. त्या शोधायचा फर्गसना नाद आहे. मला बशीचा निळ्या नक्षीचा तुकडा दिसला. उचलायला वाकले, तर बूटच रुतला. फर्गस मला ओढायला आले आणि दोघंही धपकन चिखलात बसलो. समोरच्या दरडीत घरटी करणाऱ्या पाकोळ्या बिळांतून भुर्रकन उडाल्या.

"आफ्रिकेहून आल्या बिचाऱ्या, आणि तुम्ही घाबरवलंत त्यांना!"

"जातील कुठे? घर इथंच आहे त्यांचं." मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "एल्स्पेथ, लग्न कराल माझ्याशी?"

"आधी मला उठवा तरी!"

त्यांनी उठवलं. मी हात सोडला नाही.

हे पत्र मी पोस्टात टाकणार नाही, बाळा. तू रडतेस की हसतेस, ते मला रविवारी फोनवर तुझ्याच आवाजात ऐकायचंय. रागावलीस तरी चालेल. मी 'हो' म्हटलंय, ते म्हटलंयच.

अजून केसही न पुसलेली,
तुझी आई