तीन हजारावरची चिकटपट्टी

प्रिय टिल्लू,

पत्र बघून घाबरू नकोस. माझी तब्येत बरी आहे, गुडघे सोडले तर. फोनवर तू "बाबा, पटकन सांगा, रेंज जाईल" म्हणतोस आणि मला पटकन काही सांगता येत नाही, म्हणून कागदावर लिहितोय. सातवीपर्यंतची शाळा, त्यात हात थरथरतो. लागेल तसं वाचून घे. पानांचे फोटो काढून पाठवायला शेजारच्या शिवणकामवाल्या बाईंनी शिकवलंय. "द्या आजोबा, मीच काढते," म्हणाल्या, पण हे त्यांनी वाचायचं नाही. तुझी बोट उद्या बंदराला लागेल तेव्हा तुला मिळेल. गाडीच्या तक्रारीची सुनावणी गुरुवारी आहे. त्याच्या आधी वाच. वाचून राग आला तरी आधी वकिलाला फोन कर, मग माझ्यावर ओरड.

घरी सगळं ठीक आहे. नळाचा वॉशर बदलला. तुझ्या खोलीची खिडकी वाऱ्याने आपटते, तिला सुतळी बांधली आहे. गाडी अजून सर्व्हिस सेंटरच्या मागच्या आवारात उभी आहे. मी शुक्रवारी बघून आलो. इंजिन खोलून बाहेर ठेवलंय आणि वर ताडपत्री टाकलीय. तिथल्या मेकॅनिकने मला जुना फिल्टर दाखवला. कारखान्यातून आलेला, पहिलाच. बोटाने ऑइल पुसून उन्हात धरलं तर त्यात चांदीच्या भुकटीसारखं चमकत होतं. मला समजावून सांगायला लागला, की आजोबा, नवीन इंजिनाचे भाग एकमेकांवर घासतात, त्याचा चुरा पहिल्या ऑइलमध्ये उतरतो, तो वेळेत काढला नाही तर फिरत राहतो आणि टर्बोचं बेअरिंग खाऊन टाकतो. मी मान हलवत राहिलो. एकतीस वर्षं बस चालवलेल्या माणसाला तो ऑइल म्हणजे काय ते सांगत होता! माझ्या बसचं ऑइल एक दिवस उशिरा बदललं गेलं तर मी डेपोत भांडण काढायचो. तुला आठवत असेल, तुझी आई म्हणायची, "बसला ताप आला तरी हे रजा टाकतील."

त्या आवारात सर्व्हिस सेंटरचा साहेब भेटला. तो मला म्हणाला, तुमच्या मुलाने तक्रार मागे घेतली तरी वॉरंटी मिळणार नाही. पहिली सर्व्हिसिंग पंधराशे किलोमीटर किंवा तीन महिने, यातलं जे आधी येईल तेव्हा करायची असते, तसं पुस्तकात पहिल्याच पानावर लिहिलंय, तिथली शिक्क्याची जागा कोरी आहे, म्हणून इंजिन आणि टर्बोची जबाबदारी कंपनीवर येत नाही. मी विचारलं, आणि ती मुलगी? तो म्हणाला, ती सध्या घरी बसली आहे. गुरुवारी काय ठरतं त्यावर तिची नोकरी.

ती मुलगी म्हणजे तिथल्या काउंटरवरची, जिच्या नावाने तू तक्रार केलीस. माझ्या वडिलांनी स्वतः गाडी नेली, हिने ठेवून घेतली, ऑइल न बदलताच परत दिली आणि नोंदही केली नाही, असं तू लिहिलंस. तू लिहिण्याआधी मला विचारलं होतंस. तू जेवणाच्या टेबलापाशी उभा होतास, हात काळे, गाडी नुकतीच दोरीने ओढून आणलेली. "बाबा, तुम्ही स्वतः नेली होती ना?" मी मान डोलावली. तेवढंच. तोंडाने मी हो म्हटलं नव्हतं, असं मी आठ दिवस स्वतःला सांगत होतो. म्हातारपणी माणूस कसल्या कसल्या फांद्यांना लटकतो बघ.

गाडी मी नेली नव्हती, टिल्लू. एकदाही नाही.

ती मुलगी गेल्या रविवारी घरी आली होती. बारीकशी आहे, चष्मा आहे, बोलताना हातातली किल्ली फिरवत राहते. आत या म्हटलं तर आली नाही, दारातच उभी राहिली. म्हणाली, "आजोबा, मी तुम्हाला चार वेळा फोन केला होता. दोनदा तुम्ही तारीख घेतली आणि रद्द केली. आठवतंय ना?" मला सगळं आठवत होतं. तिसऱ्या फोनला ती हसून काय म्हणाली तेसुद्धा. "आजोबा, गाडी पळणारी आहे, तुम्ही कसले पळताय?" आणि मी तिला म्हणालो, "वय झालं गं, काही लक्षात राहत नाही." तिने एकदा माझ्याकडे बघितलं. रागाने बघितलं असतं तर बरं झालं असतं. "काळजी घ्या," म्हणाली आणि जिना उतरून गेली. तेव्हापासून जिन्यात पाऊल वाजलं की मी उठून दाराची कडी लावतो.

आता तू विचारशील, का नाही नेली? सांगतो. मला उलगडून सांगू दे.

तू गाडी घेतलीस तेव्हा मी तोंड वाकडं केलं होतं. जमिनीला टेकलेली, दोन दारांची, सुरू केली की शेजारचं कुत्रं भुंकायचं. पण तुझी आई काय हरखली होती! मी जन्मभर गाडी चालवली, पण ती माझ्या शेजारी कधी बसली नव्हती. बसमध्ये ड्रायव्हरच्या शेजारी सीट नसते. ती आपली मागे, तिसऱ्या रांगेत, तिकीट काढून. तू बोटीवर परत गेलास आणि दर रविवारी गाडी फिरवून आणा म्हणालास, तेव्हा ती पहिल्यांदा पुढे बसली. पट्टा लावायची नाही. मग गाडी टुंग टुंग करायची. ती त्या आवाजाशी भांडायची, "अगं बाई, मी कुठे पळून चाललेय का?" आणि मी हात लांब करून पट्टा लावायचो. लग्नाला चव्वेचाळीस वर्षं झालेली, आणि तिला पट्टा लावताना मला लाज वाटायची. पुढच्या रविवारी परत तेच. मला वाटतं ती मुद्दाम लावायची नाही. जरा वेग वाढला की "अहो, दमानं." आठ रविवार आम्हाला मिळाले. मी मोजलेत.

ती गेल्यानंतर मी गाडी पुन्हा काढली तेव्हा मी एकटा होतो. कोपऱ्यावर वळलो आणि टुंग टुंग सुरू झालं. बाजूची सीट रिकामी. पिशवी नाही, रुमाल नाही, काही नाही. थांबून हात फिरवून बघितला. परत निघालो, परत टुंग टुंग. शेवटी रिकाम्या सीटवरून पट्टा ओढून लावला तेव्हा गप्प झाली. पुढच्या रविवारी तसंच, त्याच्या पुढच्या रविवारीही. मग मला भीती वाटेनाशी झाली. खरं सांगू, मी रविवारची वाट बघायला लागलो. पट्टा लावायचा आणि बोलत निघायचं. नळाचं, गुडघ्याचं, तुझं. मी त्या मुलीला फोनवर सहज विचारलं, असं कशाने होतं? ती म्हणाली, सीटखालचा सेन्सर बिघडलाय, सर्व्हिसिंगला आणा, पाच मिनिटांत ठीक करून टाकते. ठीक करून टाकते! मी त्याच दिवशी तारीख रद्द केली. तू फोनवर विचारलंस तेव्हा करून आणली म्हणून सांगितलं. वाटलं, गाडी पळवतंय कोण, पन्नास-साठच्या वेगाने काय होणार आहे. मी, ड्रायव्हर असून. सात महिन्यांनी तू पुन्हा सुट्टीवर आलास आणि मोकळ्या रस्त्यावर तिला खरोखर पळवलंस, तेव्हा जे व्हायचं ते झालं.

इथे पत्र संपवावं असं फार वाटतंय. म्हाताऱ्याला आईची आठवण सोडवेना, एवढं ऐकून तू मला माफ करशील, मला ठाऊक आहे. पण मी ताकाला जाऊन भांडं लपवतोय. सेन्सरचं खरं आहे, पण ते नंतरचं. पहिली तारीख मी रद्द केली ती टुंग टुंग ऐकू यायच्या आधी. ती मुलगी पहिल्याच फोनला मोठ्या हौसेने म्हणाली होती, "आणा तर खरी आजोबा, आम्ही कॉम्प्युटर लावतो, गाडी कधी कशी चालवली, इंजिन किती फिरलं, दिवसावार सगळं छापून निघतं." ते ऐकून माझ्या तोंडचं पाणी पळालं. आणि आता तूच वकिलाकडून मागणी केली आहेस, की गाडीचा सगळा इतिहास छापून गुरुवारी सर्वांसमोर ठेवा. त्यात तो बुधवारही निघेल.

तू बोटीवर जाताना मला बजावलं होतंस, पहिली सर्व्हिसिंग होईपर्यंत इंजिनाच्या फेऱ्यांचा काटा चार हजारांच्या वर जाऊ देऊ नका. तू चार म्हणालास, मी तीन धरले. माझा स्वभाव तुला माहीत आहे. काचेवर तीनच्या आकड्याला चिकटपट्टीचा तुकडा लावला, चुकून पाय पडू नये म्हणून. त्या बुधवारी तुझ्या आईला छातीत कळ आली आणि मी तिला तुझ्या गाडीत घातलं. मी तुला सांगितलं, सगळ्यांना सांगितलं, की गाडी पळेल तेवढी पळवली, आणि ती नेहमीसारखी दमानं म्हणत होती. तू भेटायला येणाऱ्यांना सांगायचास, निदान गाडी तरी आईच्या कामी आली. प्रत्येक वेळी मी उठून आत जायचो. काटा तीनच्या पुढे गेला नव्हता, टिल्लू. रस्ता मोकळा होता. काटा त्या पट्टीपाशी आला की पाय आपोआप उचलला जायचा, एकतीस वर्षांची सवय, नवीन इंजिनाला ओढायचं नाही. डॉक्टर म्हणाले, दहा मिनिटं आधी आणायला हवं होतं. तुला मी सांगितलं, की ते म्हणाले काही करता आलं नसतं. वकिलाला सांग, तक्रार मागे घे. त्या मुलीकडे मी उद्या सकाळी स्वतः जातोय, माझ्या सहीचा कागद घेऊन, तू हो म्हण की नको म्हण. पण बाकीचं तुला छापलेल्या कागदावरून कळू नये, माझ्याकडून कळावं, म्हणून हे पत्र. आणि कुठल्याच कॉम्प्युटरमध्ये निघणार नाही ते एक राहिलं. पुलाच्या चढावर तिने डोळे उघडले, माझ्या हातावर हात ठेवला आणि म्हणाली, "अहो, आज पळवा ना." मी चिकटपट्टीकडे बघितलं, आणि तिला म्हणालो, "दमानं."

तुझाच,
बाबा